सुरम्याच्या डबीवरील "शुद्ध" हा शब्द

गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या अखेरीस नववीच्या वर्गांत धातूंचा पाठ चालला असतां एका विद्यार्थ्यानें खिशांतून एक लहानशी डबी काढून माझ्या मेजावर ठेविली व विचारिलें, "सर, ही आमच्या आजीची सुरम्याची डबी. हिच्यावर 'शुद्ध' असें छापलें आहे. सुरम्यांत शिसें असतें असें कोणी म्हणतात. मग जें शुद्ध आहे त्यांत शिसें कसें असेल?" वर्ग हंसला; पण मला हंसूं आलें नाहीं. कारण पुढच्याच वाक्यांत त्यानें सांगितलें कीं, आजी रोज सकाळीं त्याच्या तान्ह्या बहिणीच्या डोळ्यांत हाच सुरमा घालीत असते. त्या दिवशीं मी त्यास जें उत्तर दिलें तें घाईचें होतें व अपुरेंही होतें. त्याचा प्रश्न मात्र इतका चांगला होता कीं, त्यास पुरतें उत्तर देणें हें मी माझें कर्तव्य समजतों. आणि तें उत्तर विद्यार्थ्यांप्रमाणेंच त्यांच्या आईबापांच्याही कानीं जावें म्हणून वार्षिकाच्या या पानांचा आश्रय करीत आहें.

प्रथम सुरमा म्हणजे काय तें पाहूं. आपल्याकडे घरोघरीं जें काजळ धरितात तें निराळें आणि सुरमा निराळा. एरंडेलाचा किंवा तुपाचा दिवा लावून त्याच्या ज्योतीवर तांब्याचें भांडें धरिलें म्हणजे जी काजळी जमते ती केवळ कोळशाचीच बारीक भुकटी होय. सुरमा हा खनिज पदार्थ आहे. पूर्वीपासून या एकाच नांवाखालीं दोन खनिजें विकलीं जात आलीं आहेत. एक अँटिमनी धातूचें व दुसरें शिशाचें. दोन्हीं काळसर, दोन्हीं चकाकणारीं. त्यामुळें सामान्य माणसास त्यांतील भेद कळत नाहीं. निरनिराळ्या देशांतील रसायनज्ञांनीं बाजारांतील सुरम्याचे नमुने तपासले, तेव्हां त्यांपैकीं पुष्कळांत शिशाचें खनिजच आढळून आलें. या खनिजास गॅलिना म्हणतात. शिसें आणि गंधक यांच्या संयोगानें तें बनलेलें असतें, म्हणून रसायनशास्त्रांत त्याचें नांव लेड सल्फाइड.

येथें एक मौज सांगण्यासारखी आहे. आपण जिला शिसपेन्सिल म्हणतों तिच्यांत शिशाचा लेशही नसतो. तिची कांडी ग्राफाइटची, म्हणजे कोळशाच्याच एका रूपाची असते. युरोपांत पूर्वीं ग्राफाइट हें शिशाचेंच एक खनिज असावें असा समज होता. तो समज गेला, नांव मात्र राहिलें. तेव्हां जिच्या नांवांत शिसें आहे तिच्यांत तें नाहीं, आणि ज्याच्या नांवांत नाहीं त्या सुरम्यांत तें भरपूर! नांवावरून वस्तूची परीक्षा करूं नये याचें याहून चांगलें उदाहरण मिळणें कठीण.

सुरम्याचा उपयोग फार प्राचीन आहे. मिसर देशांतील लोक हजारों वर्षांपूर्वीं गॅलिना कुटून डोळ्यांत घालीत असत. पवित्र शास्त्रांत ईयोबाच्या तिसऱ्या कन्येचें जें नांव आलें आहे, त्याचा इब्री भाषेंतील अर्थ "अंजनाचें शिंग", म्हणजे अंजन ठेवावयाचें पात्र, असा होतो. आपल्या सातारा-सांगलीच्या डोंगरांत मात्र हें खनिज शोधूं जाल तर निराशा होईल. अजिंक्यतारा काय किंवा आसपासचे इतर डोंगर काय, हे सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या पाषाणाचे आहेत, आणि त्यांत शिशाच्या खाणी नाहींत. आपल्या देशांत शिशाचीं खनिजें मुख्यत्वें राजस्थानांत सांपडतात. उदेपूरजवळील जावरच्या खाणी फार जुन्या व प्रसिद्ध आहेत.

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेंत गॅलिनाचा एक खडा आहे. तो हातीं घेतांच त्याच्या वजनाचें नवल वाटतें, कारण तो पाण्याच्या साडेसातपट जड असतो. हातोडीनें हळूच ठोकला तर त्याचे वेडेवाकडे तुकडे न होतां चौकोनी घनच सुटे होतात. ते पुन्हां फोडले तर आणखी लहान घन मिळतात. याचें कारण आंतील रचनेंत आहे. शिशाचा एक अणु, त्याच्या शेजारीं गंधकाचा एक अणु, पुन्हां शिशाचा, अशी सहाही दिशांनीं त्यांची शिस्तवार मांडणी असते. मिठाच्या स्फटिकाची घडण अशीच आहे.

आतां "शुद्ध" या शब्दाकडे वळूं. आपल्या बोलण्यांत शुद्ध म्हणजे पवित्र, निर्दोष, हितकर. शुद्ध तूप, शुद्ध पाणी, शुद्ध अंतःकरण असें आपण म्हणतों. रसायनज्ञाच्या भाषेंत मात्र या शब्दाचा अर्थ अगदीं कोरडा आहे. शुद्ध म्हणजे त्या वस्तूंत दुसरें कांहीं मिसळलेलें नाहीं; इतकेंच. ती वस्तु स्वतः अमृत आहे कीं विष आहे, याविषयीं तो शब्द कांहींच सांगत नाहीं. शंभर ग्रॅम शुद्ध लेड सल्फाइडमध्यें सुमारें ८६.६ ग्रॅम शिसें व बाकीचा गंधक असतो. म्हणजे गॅलिनापासून केलेला सुरमा जितका अधिक शुद्ध, तितकें त्यांत शिसें अधिक! माझ्या विद्यार्थ्याला जो विरोध दिसला तो विरोध नव्हताच. डबीवरील शब्द खरा असेल तर तोच भिण्याचें कारण होता.

ही शुद्धता डोळ्यांत घालण्यास कामाची नसली तरी कारखान्यांत व संशोधनाच्या कामीं ती अत्यंत मोलाची आहे. संशोधनाकरितां जें लेड सल्फाइड विकत मिळतें, त्याची शुद्धता टक्क्यांत दिलेली असते, ९९.९, ९९.९९ किंवा ९९.९९९. शेवटच्या आंकड्यास व्यवहारांत "पांच नऊ" म्हणतात. पांच नऊ म्हणजे किती? साखरेच्या शंभर किलोच्या पोत्यांत एक ग्रॅम वाळू सांपडली, तर ती साखर पांच नऊ शुद्ध म्हणावयाची. एवढी काटेकोर शुद्धि कशासाठीं, असें कोणी विचारील. लेड सल्फाइड हा अर्धवाहक पदार्थ आहे; तांब्याप्रमाणें तो वीज सहज वाहूं देत नाहीं, व काचेप्रमाणें ती अगदीं अडवूनही धरीत नाहीं. अशा पदार्थाचा स्वभाव लाखांतल्या एखाद्या परक्या अणूनें पालटूं शकतो. फार काय, त्यांत शिशाचे अणु गंधकापेक्षां किंचित् अधिक झाले तर विजेचें वहन एका प्रकारानें होतें, व गंधकाचे अधिक झाले तर अगदीं उलट प्रकारानें होतें. म्हणून येथें भेसळ ही केवळ लबाडी नसून उपकरणाचा घात करणारी गोष्ट आहे.

गॅलिनाच्या या स्वभावाचा शोध कसा लागला ती कथा आपणां भारतीयांस अभिमानाची आहे. १८७४ सालीं फर्डिनांड ब्राऊन नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञास असें आढळलें कीं, गॅलिनासारख्या खनिजावर धातूचें टोंक टेकविलें असतां वीज एका दिशेनें सुलभतेनें जाते, उलट दिशेनें जात नाहीं. पुढें कलकत्त्यास आचार्य जगदीशचंद्र बसू यांनीं गॅलिनाच्या खड्याचा उपयोग विद्युल्लहरी व प्रकाश ओळखणाऱ्या उपकरणांत केला. त्यासाठीं १९०१ सालीं केलेल्या अर्जावर अमेरिकेचें पेटंट त्यांस १९०४ मध्यें मिळालें. अर्धवाहक पदार्थाच्या उपकरणास मिळालेलें हें जगांतील पहिलें पेटंट मानितात. बसूंचें विद्यार्थिजीवन कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजांत गेलें, आणि पदार्थविज्ञानाची गोडी त्यांस तेथील मिशनरी अध्यापक फादर लाफों यांनीं लाविली. एका शिक्षकानें वर्गांत पेरलेलें बीज कोठें व केव्हां उगवेल हें कोण सांगूं शकेल?

नंतरच्या काळांत गॅलिनाचा खडा व त्यावर टेकविलेली बारीक तार, जिला गमतीनें "मांजराची मिशी" म्हणत, एवढ्यावर साधे रेडिओ चालूं लागले. त्यांस बॅटरीचीही गरज नसे. १९३३ च्या सुमारास बर्लिन येथें एडगर कुट्शर यांनीं गॅलिनाचा दुसरा एक गुण ओळखिला. आपल्या डोळ्यांस न दिसणारे अवरक्त किरण, म्हणजे ज्यांची केवळ ऊब जाणवते असे किरण, त्यावर पडले कीं त्याची वीज वाहण्याची शक्ति वाढते. दुसऱ्या महायुद्धांत याच गुणावर उष्णतेचा माग काढणारीं यंत्रें घडविण्यांत आलीं. परंतु त्याच लेड सल्फाइडच्या डोळ्यानें पुढें धान्यांतील ओलावा व प्रथिनें न दळतां-शिजवितां मोजणारीं यंत्रेंही सिद्ध झालीं. साधन एकच, तें कोणाच्या हातीं जातें व कशासाठीं, यावर त्याचें पुण्य-पाप ठरतें.

आतां या कथेंतील सर्वांत नवा भाग. अलीकडे लेड सल्फाइडचे इतके बारीक कण करितात कीं त्यांचें माप नॅनोमीटरांत द्यावें लागतें. एक मिलिमीटराचे दहा लाख भाग केले तर त्यांतील एक भाग म्हणजे नॅनोमीटर. माणसाचा केंस सुमारें ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. पांच नॅनोमीटर बाजूचा लेड सल्फाइडचा घन कल्पिला तर त्यांत सगळे मिळून पांच हजारांहूनही थोडे कमीच अणु भरतात.

इतका बारीकपणा आणण्यानें काय साधतें? दोन गोष्टी साधतात. पहिली क्षेत्रफळाची. एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याच्या सहा बाजूंचें क्षेत्रफळ सहा चौरस सेंटिमीटर. त्याच घनाचे दहा नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, तर त्या सर्वांचें मिळून क्षेत्रफळ सहाशें चौरस मीटर होतें. शेतकऱ्याच्या मापानें हे जवळजवळ सहा गुंठे झाले! वाटाण्याएवढ्या खड्यांतून सहा गुंठ्यांचें रान पसरतें. रासायनिक क्रिया पदार्थाच्या पृष्ठभागावरच घडत असल्यामुळें बारीक कण फार चपळ होतात. विद्यार्थ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें तिचा पुन्हां उपयोग होणार आहे.

दुसरी गोष्ट अधिक नवलाची आहे. मिरजेस सतारी व तंबोरे करणाऱ्या कारागिरांच्या दुकानांत जे गेले असतील त्यांस ठाऊक असेल कीं, तार तीच, ताण तोच, पण बोटानें दाबून तिची कंप पावणारी लांबी कमी केली कीं स्वर चढतो. लेड सल्फाइडच्या कणांतील विद्युत्कणांचें असेंच आहे. मोठ्या खड्यांत त्यांस हवी तेवढी मोकळीक असते. परंतु कण सुमारें अठरा नॅनोमीटरांहून लहान झाला कीं त्यांस अडचण होऊं लागते, आणि जसजसा कण लहान तसतसा त्याचा "स्वर" चढतो. म्हणजे अधिकाधिक शक्तीचेच किरण तो शोषून घेऊं शकतो. गॅलिनाचा खडा सुमारें ३,००० नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरींपर्यंत सर्व किरण शोषितो. तोच पदार्थ साडेपांच नॅनोमीटरांचा केला तर ही मर्यादा सुमारें १,५०० वर येते, आणि तीन नॅनोमीटरांचा केला तर ९०० च्या आसपास येते. पदार्थ न बदलतां केवळ आकार बदलून त्याचा गुण बदलावयाचा, ही कल्पना आमच्या विद्यार्थिदशेंत कोणी सांगितली असती तर आम्हांस जादूच वाटली असती. अशा कणांस क्वांटम डॉट म्हणतात, व त्यांच्या शोधासाठीं मौंगी बावेंडी, लुई ब्रस व अलेक्सी एकिमोव्ह या तिघांस २०२३ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

उद्योगांत यांचा उपयोग काय? सूर्यापासून येणाऱ्या शक्तीचा जवळजवळ अर्धा भाग अवरक्त किरणांचा असतो. नेहमींच्या सिलिकॉनच्या सौरपट्ट्या सुमारें १,१०० नॅनोमीटरांच्या पलीकडील किरण वायां घालवितात. लेड सल्फाइडचे कण ते टिपूं शकतात, म्हणून त्यांच्या सौरपट्ट्या करण्याचे प्रयोग जगभर चालले आहेत. अंधारांत व धुक्यांत पाहणारे कॅमेरे, वायूंची परीक्षा करणारीं उपकरणें, यांतही त्यांस स्थान मिळत आहे.

हे कण करितात कसे, हें आपल्या भागांतील मुलांस समजावून देणें सोपें आहे. साखरेच्या दाट पाकांत दोरा सोडून तो सावकाश निवूं दिला तर खडीसाखरेचे मोठाले खडे बनतात. उलट एकाच क्षणीं असंख्य ठिकाणीं दाणा धरला तर प्रत्येकाच्या वांट्यास थोडीच साखर येते, व दाणे बारीक राहतात. लेड सल्फाइडचेंही तसेंच. शिशाचा क्षार ओलिइक आम्लांत, म्हणजे ऑलिव्हच्या तेलांत जें आम्ल असतें त्यांत, विरघळवून तापवितात, आणि त्यांत गंधकयुक्त द्रव्य एकदम सोडतात. क्षणांत असंख्य बीजकण जन्मास येतात, ओलिइक आम्ल त्यांच्याभोवतीं लपेटून त्यांस एकमेकांस चिकटूं देत नाहीं, आणि उष्णता व वेळ यांवर त्यांचा आकार ठरतो. टोरोंटो विद्यापीठांतील हाइन्स व शोल्स यांनीं २००३ सालीं ही रीत प्रसिद्ध केली.

दुसरी रीत याहून जुनी व स्वस्त आहे. शिशाचा क्षार, दाहक क्षार व थायोयुरिया यांच्या द्रावणांत काच बुडवून ठेविली तर तिच्यावर आरशासारखा चकाकणारा लेड सल्फाइडचा पातळ थर बसतो. एमर्सन रेनॉल्ड्स यांनीं १८८४ सालींच ही क्रिया वर्णन केली होती. तीस भारी भट्ट्या किंवा निर्वात पात्रें लागत नाहींत. म्हणूनच आपल्यासारख्या प्रदेशांतील प्रयोगशाळांस ती सोयीची पडली. सातारा, सांगली व कोल्हापूर हे जिल्हे ज्याच्या कक्षेंत येतात त्या, १९६२ सालीं स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठांत या विद्येचा मोठा अभ्यास झाला आहे. तेथील पदार्थविज्ञान विभागांतील डॉ. आर. एस. माने व डॉ. सी. डी. लोखंडे यांनीं २००० सालीं रासायनिक द्रावणांतून बसविलेल्या अशा थरांविषयीं लिहिलेला विस्तृत आढावा जगांतील संशोधक आजही आधारास घेतात. आपल्या शाळेंतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींनीं हें लक्षांत घ्यावें कीं, शास्त्राची ही वाट बर्लिन-टोरोंटोवरूनच जाते असें नाहीं. ती पुणें-बंगलोर रस्त्यावरही लागते.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. फिलिप वॉल्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००६ सालीं प्राचीन ग्रीक-रोमन काळची केंस काळे करण्याची रीत तपासून पाहिली. तींत चुना व शिशाचा ऑक्साइड पाण्यांत कालवून केंसांस लावीत. केंसांत मुळांतच गंधक असतो. शिसें आंत शिरून त्याशीं संयोग पावतें व केंस काळा होतो. सूक्ष्मदर्शकांतून पाहतां केंसाच्या आंत सुमारें पांच नॅनोमीटरांचे लेड सल्फाइडचे कण आढळले. म्हणजे जें आपण आज महागड्या उपकरणांनीं करितों तें दोन हजार वर्षांपूर्वींचे न्हावी नकळत करीत होते. परंतु शिसें काय अपाय करतें हेंही त्यांस पुरतें ठाऊक नव्हतें. आपणांस तें ठाऊक आहे. म्हणून आपली जबाबदारी अधिक.

तो अपाय असा. आपलें शरीर शिशास कॅल्शियम समजून फसतें, त्यास हाडांत सांठवितें व मेंदूंतही शिरूं देतें. वाढत्या मुलाच्या मेंदूस यामुळें जो धक्का पोंचतो त्याचा परिणाम बुद्धीवर, एकाग्रतेवर व वागणुकीवर होतो, आणि झालेलें नुकसान बहुधा भरून येत नाहीं. पोटांत गेलेल्या शिशापैकीं मुलें मोठ्या माणसांच्या चार-पांच पट शोषून घेतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें निर्धोक म्हणावें असें रक्तांतील शिशाचें कोणतेंही प्रमाण ठाऊक नाहीं. युनिसेफ व प्युअर अर्थ या संस्थांच्या २०२० सालच्या अहवालाप्रमाणें जगांतील सुमारें ८० कोटि मुलांच्या, म्हणजे दर तिघांतील एकाच्या, रक्तांत दर डेसिलिटरास पांच मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसें आहे.

कोणी म्हणेल, लेड सल्फाइड तर पाण्यांत विरघळत नाहीं. मग भय कसलें? पाण्यांत तें विरघळत नाहीं हें खरें. परंतु बाळ डोळे चोळतें व तींच बोटें तोंडांत घालतें. पोटांतील आम्लांत लेड सल्फाइड विरघळूं लागतें. आणि येथें वर सांगितलेले सहा गुंठे आठवावेत. भुकटी जितकी बारीक, तितका तिचा पृष्ठभाग मोठा, आणि तितकी ती त्वरेनें विरघळणार. सुरमा बारीक खललेला असावा असें आपण म्हणतों. तोच गुण पोटांत गेल्यावर अवगुण होतो. संशोधक हे कण हाताळतांना हातमोजे घालतात, धूळ उडूं देत नाहींत, व उरलेलें द्रावण मोरींत ओतीत नाहींत, तें याच कारणास्तव.

पालकांस माझी हात जोडून विनंति आहे. तान्ह्या मुलांच्या डोळ्यांत सुरमा घालूं नये; घरचें काजळही घालूं नये असेंच डॉक्टर सांगतात, कारण त्यांत शिसें नसलें तरी डोळा बिघडण्याचें भय असतें. रंगासाठीं शिशाचीं संयुगें घालून सौंदर्यप्रसाधनें करण्यास आपल्या देशांत कायद्यानें मनाई आहे. तरी डबीवर काय छापलें आहे यावर विसंबूं नये. जुन्या बॅटऱ्या फोडण्याचें व शिसें वितळविण्याचें काम घराजवळ होऊं देऊं नये. कल्हईच्या कथलांत शिसें मिसळलेलें नाहीं याची खात्री करावी. शंका आल्यास डॉक्टरांस विचारून मुलाचें रक्त तपासून घ्यावें. या बाबतींत निराश होण्याचेंही कारण नाहीं. २००० सालीं आपल्या देशांतील पेट्रोलमधून शिसें हद्दपार झालें, आणि घरगुती रंगांतील शिसें दहा लाख भागांत ९० भागांपेक्षां अधिक नसावें असा नियम २०१७ पासून अंमलांत आहे. जाणत्या माणसांनीं मनावर घेतलें म्हणजे विष कमी होतें.

त्या विद्यार्थ्याच्या आजीबाईंची भेट घेण्यास मी गेलों तेव्हां त्या रागावतील असें वाटलें होतें. त्या रागावल्या नाहींत. त्यांनीं सर्व शांतपणें ऐकून घेतलें व एवढेंच म्हणाल्या, "मास्तर, आम्हीं तर डोळे चांगले राहावेत म्हणूनच घालीत होतों." त्यांचें प्रेम शुद्ध होतें यांत मला तिळमात्र शंका नाहीं. परंतु प्रेमास ज्ञानाची जोड नसेल तर त्याच्या हातूनही घात होऊं शकतो, आणि ती जोड देणें हेंच शाळेचें काम आहे. बाळाचें रक्त तपासण्यासाठीं त्यांनीं स्वतःच सुनेबरोबर तिला दवाखान्यांत नेलें. डबी त्यांनीं मला देऊन टाकली. ती आतां प्रयोगशाळेच्या कपाटांत गॅलिनाच्या खड्याशेजारीं झांकणबंद बाटलींत ठेविली आहे, आणि बाटलीवर त्याच विद्यार्थ्यानें आपल्या सुंदर अक्षरांत चिठ्ठी लाविली आहे : "सुरमा. शुद्ध असला तरी डोळ्यांत घालूं नये."